डावं पेडल

“डावा पाय दीड सेंटिमीटर आखूड आहे, काका. तुम्हाला माहीत असेलच,” सायकलच्या दुकानातली फिटर म्हणाली आणि मापाची टेप सर्रकन गुंडाळून तिनं खिशात टाकली. तो दुकानाच्या मागच्या खोलीत रबरी चटईवर उताणा पडला होता. वर छताला पंचवीस-तीस चाकं टांगलेली होती आणि त्यातलं एक, पंख्याच्या वाऱ्यानं असेल, अगदी सावकाश फिरत होतं. माहीत असेलच! हे दोन पाय तो बावन्न वर्षं वापरत होता आणि दोघांपैकी एकानंही कधी तक्रार नोंदवली नव्हती. पण विक्रेत्याला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही असं कबूल करायचं नाही, हा नियम त्याच्या खरेदी खात्यात लिहिलेला नसला तरी कसोशीनं पाळला जातो. म्हणून तो चटईवरूनच म्हणाला, “हो, थोडी कल्पना होती.” मग उठून बसला आणि बूट घालायला लागला. आधी उजवा, मग डावा. डाव्याची नाडी बांधताना हात जरा रेंगाळला, जणू गाडीत अनेक वर्षं शेजारी बसणाऱ्या माणसाचं नाव आज पहिल्यांदा कळलं होतं.

तो एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात होता. झाडूपासून क्रेनपर्यंत काहीही घ्यायचं असलं की तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा, हे काम त्यानं अठ्ठावीस वर्षं इतक्या निष्ठेनं केलं होतं की ऑफिसात त्याचं नावच ‘तीन कोटेशन’ पडलं होतं. चहा मागवला तरी कुणीतरी म्हणायचं, “थांबा, तीन टपऱ्यांचे दर येऊ देत.” सायकल घ्यायचं ठरलं ते डॉक्टरच्या सांगण्यावरून, असं तो सगळ्यांना सांगत होता. साखर वाढली होती हे खरं. ऑफिस नऊ किलोमीटरवर होतं हेही खरं. रोजची ये-जा, रविवारची भाजी, एखादी लांबची फेरी, सगळ्याला चालेल अशी एकच सायकल हवी, असा मजकूर कागदाच्या माथ्यावर लिहून त्यानं सतरा रकान्यांचा तक्ता केला. पहिली सायकल शर्यतीची, खाली वळलेल्या हँडलची, बोटावर उचलता येईल इतकी हलकी. दुसरी लांबच्या प्रवासाची, पोलादी, पुढेमागे सामान लादता येईल अशी, म्हशीच्या स्वभावाची. तिसरी दोघींच्या मधली. वजन, गिअर, ब्रेक, टायरची रुंदी, चिखलपट्टी बसते की नाही, सगळं त्यात होतं. बाराव्या रकान्याचं शीर्षक होतं ‘दूरचा प्रवास (प्रसंगी)’. या कंसातल्या ‘प्रसंगी’चा अर्थ फक्त त्याला माहीत होता. इथून दीपगृह एकशे दहा किलोमीटर. पस्तीस वर्षांपूर्वी जायचं राहिलं होतं.

“आणलाय का तक्ता?” फिटरनं विचारलं. फोनवर तो तिच्याशी त्याबद्दल दोनदा बोलला होता. तिशीची असेल, नखांत काळं ग्रीस, कानामागे पेन्सिल. तक्ता तिनं दोन्ही हातांनी धरून, लग्नपत्रिका बघावी तसा अदबीनं बघितला. “बाप रे. आमच्या कंपनीलासुद्धा एवढं माहीत नसेल. पण काका, यात तुम्ही कुठं आहात?”

“म्हणजे?”

“सायकलचं सगळं लिहिलंय. वर बसणाऱ्याचं काहीच नाही. उंची नाही, पाय नाहीत, पाठ नाही.” मग तिनं सांगितलं की एकाच सायकलनं सगळं करायचं असेल तर दोनच गोष्टी बघायच्या, रुंद टायरला जागा आहे का आणि मागे कॅरियर लावायला भोकं आहेत का, बाकी रंग. ती मधली घ्या. “पण आधी तुमचा पाय. मघाशी स्टँडवर पेडल मारताना तुम्ही नावेसारखे डुलत होतात. डावं पेडल खाली गेलं की अख्खा माणूस त्याच्या मागे खाली. पाठ दुखते ना?”

“खुर्चीमुळे,” तो म्हणाला.

“असेल. डाव्या पेडलवर एक ठोकळा बसवला की काम झालं. आजकाल प्लॅस्टिकचे मिळतात. पूर्वी लोक लाकडाचे करून लावायचे म्हणे.”

ठोकळा म्हटल्यावर त्याच्या तळपायाला काहीतरी आठवलं. डोक्याला नाही, डोकं अजून मधल्या सायकलच्या टायरवर होतं. तळपायाला आठवलं. “उद्या येतो,” असं म्हणून तो बाहेर पडला आणि फुटपाथवरून घरी चालायला लागला, तर चालताच येईना. म्हणजे येत होतं, सकाळी जसं आलं होतं तसंच. पण आता प्रत्येक पाऊल हजेरी देत होतं. उजवा, डावा, आणि डाव्याच्या शेवटी एक बारीकसा खड्डा, जिना संपला असं वाटावं आणि एक पायरी उरलेली असावी तसा. त्याला शिंपी आठवले. गेल्या दहा वर्षांत त्यानं चार शिंपी बदलले होते, कारण पँटचा डावा पाय नेहमी लांब व्हायचा, जमिनीवर लोळायचा. शेवटच्या शिंप्याला तर त्यानं भर दुकानात सुनावलं होतं, “टेप आहे का दोरी?” तो म्हातारा चष्म्यावरून बघत नुसता म्हणाला होता, “कापड सारखंच कापलंय, साहेब.” आता जाऊन त्याची क्षमा मागावी तर दुकानाच्या जागी मोबाइलवाला आला होता. मग खुर्च्या. पाठदुखी अकरा वर्षांची. खात्यात तीन वेळा खुर्ची बदलून झाली, तिन्ही वेळा रीतसर तुलनात्मक तक्ता करून, आणि तिसऱ्या वेळी त्यानं शेऱ्यात ‘पाठीस आधार उत्तम’ असं लिहिलं होतं, तेही खोटं होतं. अकरा वर्षं. हा आकडा त्याच्या मनात दुसऱ्याच कशाला तरी जाऊन चिकटला आणि तो सिग्नल हिरवा असूनही उभा राहिला. अण्णांना जाऊनही अकरा वर्षं झाली होती.

त्याचे वडील, अण्णा, ओतकाम कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याची आधी लाकडात हुबेहूब प्रतिकृती, म्हणजे पॅटर्न, करायची, ती वाळूत दाबून साचा घ्यायचा, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे एक पितळी पट्टी होती, तिच्यावरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा होता. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं कापायचं. ते गणित पट्टीतच भरलेलं. अण्णा घरचीही सगळी मापं त्याच पट्टीनं घ्यायचे. त्यामुळे त्यांनी केलेलं प्रत्येक फडताळ ठरल्या जागेत किंचित अडायचं आणि आई म्हणायची, “हे काय आता थंड व्हायची वाट बघायची का?” अण्णा हसायचे नाहीत. ते फारसं काहीच करायचे नाहीत, बोलणं तर नाहीच. मात्र घरात नवे बूट आले की ते हातातून काढून घ्यायचे. “दे इकडे. टाके कच्चे असतात.” कारखान्यात घेऊन जायचे, दोन दिवसांनी आणून द्यायचे. शाळेच्या बुटांचं ठीक होतं. पण तो नोकरीला लागला, लग्न झालं, मुलगी झाली, तरी हे चालूच होतं. चाळिशीचा खरेदी अधिकारी आपले बूट बापाकडून तपासून घेतो! बायको हसायची. तो चिडायचा, म्हणजे मनातल्या मनात. आपण निवडलेल्या एकाही वस्तूवर या माणसाचा विश्वास नाही, असं त्याला वाटायचं. टाके. बुटात हात घालून आतला तळ त्यानं कधीच बघितला नव्हता. पायात घातल्यावर बरे वाटायचे एवढंच. अण्णा गेले आणि बूट नुसते दुकानातले राहिले.

आणि ते पेडल. लहानपणीच्या सायकलच्या डाव्या पेडलवर एक लाकडी ठोकळा बोल्टनं बसवलेला होता. पेडल मोडकं आहे म्हणून, असं अण्णांनी सांगितलं होतं आणि सायकलींची डावी पेडलं मोडकीच येतात असं तो बरीच वर्षं धरून चालला होता. सतराव्या वर्षी कॉलेजातल्या चौघांनी सायकलवर दीपगृहाला जायचं ठरवलं. त्याची सायकल तोवर लहान झालेली. एकाच्या मावसभावाची मागून आणली, अंगणात उभी केली. अण्णा कारखान्यातून आले, सायकलभोवती एकदा फिरले, वाकून पेडल हातानं फिरवून बघितलं आणि म्हणाले, “ही नको. दोन दिवस थांब.” बाकीचे दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होते. दोन दिवस थांब म्हणजे जाऊ नकोस, हे कुणीही सांगेल. नाही म्हणायचं धाडस नसलेल्या बापाचं ते ‘नाही’. बाकीचे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात एक जुनी पण घासूनपुसून लख्ख केलेली सायकल उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. महिनाभर ती तशीच उभी होती, अण्णा रोज संध्याकाळी तिच्या टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून बघायचे, आणि मग एक दिवस ती नव्हती. त्यानंतर तो कधी सायकलवर बसला नाही. ‘आमच्या वडिलांनी मला दीपगृह बघू दिलं नाही’ ही गोष्ट मात्र त्यानं पस्तीस वर्षं सांगितली, सांगून सांगून गुळगुळीत केली. सायकलभोवती फिरणाऱ्या अण्णांची तो नक्कलही करायचा, आणि पाहुणे हमखास हसायचे.

घरी पोचला तेव्हा बायको वर्तमानपत्र वाचत बसली होती. “काय, ठरली का नवरी?” तिनं विचारलं.

“माझा डावा पाय आखूड आहे.”

तिनं चष्मा कपाळावर ढकलला, त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. “तरीच फोटोत तुम्ही नेहमी माझ्याकडे झुकलेले असता. मला वाटायचं, प्रेम.”

त्याला हसू आलं. तेवढ्यात गॅलरीचं दार वाऱ्यानं धाडकन आपटलं आणि आतून आईचा आवाज आला, “अरे, कोण आहे तिथं? तो ठोकळा लावा दाराला!” आई ब्याऐंशीची, दिवसाचा बराचसा भाग ती गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि दार उघडं राहिलंच पाहिजे हा तिचा एकमेव हट्ट होता. तो गेला, वाकला. ठोकळा कोपऱ्यात घरंगळला होता. तळहाताएवढा, तांबड्या रंगाचा, कडा गोल केलेल्या, बाजू वरून खाली किंचित निमुळत्या, म्हणून तर दाराखाली असा चपखल जायचा. तीन घरं बदलली, फर्निचर गेलं, रेडिओ गेला, हा प्रत्येक घरात दाराशी होताच. वाळूतून पॅटर्न अलगद सुटून यावा म्हणून त्याच्या बाजू निमुळत्या ठेवतात, आणि पॅटर्नला तांबडा रंग देतात. हे त्याला माहीत होतं. ठोकळ्याला दोन भोकं होती. तीही त्यानं हजारदा बघितली होती.

तो तिथंच फरशीवर बसला. “आई, हा कुठला गं?”

“दाराचा.”

“त्याआधी?”

आई गप्प झाली. तिचं गप्प होणं अण्णांच्या गप्प असण्यासारखं नव्हतं; तिला ते जमायचं नाही, ओठ हलत राहायचे. मग म्हणाली, “महिनाभर अंगणात उभी होती त्या सायकलचा. विकताना त्यांनी तेवढा काढून घेतला. म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या पायाला हा चालायचा नाही.”

“माझा पाय आखूड आहे हे तुम्हाला माहीत होतं.”

“सहा वर्षांचा होतास तेव्हा डॉक्टरनं सांगितलं.” ती बाहेर बघत बोलत होती. “आपल्या जुन्या गल्लीत तो एक घड्याळवाला होता, आठवतो? चांगली घड्याळं दुरुस्त करायचा, पण त्याला सगळे लंगड्याच म्हणायचे. त्याच्या बायकोलासुद्धा लंगड्याची म्हणायचे. हे घरी आले आणि म्हणाले, पाय आखूड असला तर असू दे, पोराला नाव पडता कामा नये. कुणाला सांगायचं नाही. त्यालाही नाही. कळलं की तो तसा चालायला लागेल.”

“नाव पडलंच,” तो म्हणाला. “तीन कोटेशन.”

“ते चांगलं आहे की,” आई म्हणाली. “हुशारीचं आहे.”

“आणि ते गेल्यावर तरी सांगायचंस ना, आई. अकरा वर्षं पाठ धरून बसतोय मी. तू शेकायला पिशवी गरम करून द्यायचीस.”

“मला काय ठाऊक पाठीचं पायाशी काही असतं? मला वाटलं, वाढत्या वयात झाले असतील सारखे. बुटांचं ते परस्परच काय ते करायचे, मला वाटायचं खरंच टाके.” मग जरा रागावल्यासारखी, “त्यांनी सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं. परत विचारायला ते नव्हते.”

त्यानं ठोकळा उलटा केला. खालच्या बाजूला पेन्सिलीनं एक बाण आणि ‘डा’ असं अक्षर, अण्णांचं, कारखान्यातल्या कामावर काढायचे तसं ठसठशीत. एका कडेला दारानं पस्तीस वर्षं घासून रंग उडवला होता, लाकूड उघडं पडलं होतं. पण वरची बाजू, जिथं पाय यायचा ती, नवीकोरी होती. तांबडा रंग तसाच, हात फिरवला तर गार आणि गुळगुळीत. लहानपणीच्या त्या पहिल्या ठोकळ्यावर टाचेपुढे केवढा खळगा पडला होता, त्याला आठवलं. याच्यावर काहीच नव्हतं. दोन दिवस थांब म्हणजे दोन दिवस थांब. त्या माणसाला दोन दिवस लागणार होते: एक लाकूड कापायला, एक रंग वाळायला. एवढाच त्याचा अर्थ होता, आणि मुलानं त्यावर पस्तीस वर्षांची नक्कल बसवली होती. अंगणात वाकून पेडल फिरवणारे अण्णा त्याला दिसले, पण या खेपेला समोरून. आतापर्यंत तो त्यांची नक्कल नेहमी पाठीमागून करत आला होता. आईनं खुर्चीतून हात खाली सोडला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. बावन्न वर्षांच्या टकलावर तो हात जरा घसरला, मग स्थिरावला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो ठोकळा रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन गेला. फिटरनं रुमाल सोडला, ठोकळा दिव्याखाली धरला, बाजूंवरून अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा बदलला; कारागिराचं काम कारागिराला दिसलं की होतो तसा. तिनं जाडी मोजायचा कॅलिपर लावला. “पंधरा पॉइंट दोन मिलिमीटर,” ती म्हणाली. “काल मी तुमचं माप पंधरा काढलंय. हे कुणी केलंय, काका?”

“आमच्या वडिलांनी. पस्तीस वर्षांपूर्वी.”

“कॅलिपर होता?”

“पट्टी होती.”

“मग पॉइंट दोन चुकले. माफ आहे.”

“चुकले नाहीत,” तो एवढ्या घाईनं म्हणाला की काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. “त्यांची पट्टीच तशी होती. थंड झाल्यावर आकसतं, म्हणून आधीच थोडं जास्त धरायचं.”

“लाकूड?”

“लोखंड.”

“पण हे तर लाकूड आहे.”

“हो,” तो म्हणाला. “ते घरीही तीच पट्टी वापरायचे.”

फिटरनं ठोकळा बाजूला ठेवला आणि मधल्या सायकलचं डावं पेडल काढायला घेतलं. भोकं चार मिलिमीटरनं चुकली. नवी पाडू का, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं ठोकळ्यावर हात ठेवला. मग तीच म्हणाली, “नको, पेडलच दुसरं लावू. रुंद असतं एक, त्याला जमेल.” जमलं. तिनं सायकल स्टँडवर चढवली, तो वर बसला, हँडलवर हात ठेवले. उजवा पाय खाली गेला, वर आला. डावा खाली गेला, आणि खालच्या टोकाला जिथं तो बारीक खड्डा असायचा तिथं काहीतरी होतं. आधीच येऊन थांबलेलं. त्यानं आणखी एक फेरा मारला, मग आणखी एक. साखळीचा आवाज एकसारखा यायला लागला. “आता डुलत नाही तुम्ही,” फिटर खाली बसून बघत म्हणाली. त्यानं मान हलवली. बोलला असता तर आवाज डुलला असता.

“कॅरियर आणि चिखलपट्टी मागवावी लागेल,” ती हात पुसत म्हणाली. “लगेच हवी असेल तर अशीच न्या, नंतर लावून देईन. नाहीतर दोन दिवस थांबा.”

“थांबतो,” तो म्हणाला.

“नाही, म्हणजे घाई असेल तर...”

“दोन दिवस थांबतो. सगळं लावून झालं की नेतो.” आणि तो बराच वेळ सायकलवरून उतरलाच नाही.

घरी आला तेव्हा गॅलरीचं दार आपटत होतं आणि आई खुर्चीतूनच त्याला पायानं अडवायचा प्रयत्न करत होती. “कुठं गेला तो ठोकळा? सकाळपासून शोधतेय. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!”

“ठोकळा कामावर गेला, आई.”

आई एकदम गप्प झाली. या खेपेला तिचे ओठही हलले नाहीत. दार पुन्हा एकदा आपटलं, तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, “गेला ते बरं झालं. पण मग आता दाराला काय लावू?”

त्यानं बॅग उघडली. तक्ता काढला. सतरा रकाने, तीन सायकली, आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना अजून कोरा. त्यानं त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, दाराखाली धरून बघितलं, आणखी दोन घातल्या. मग डाव्या पायानं ढकलून तो आत सारला. दार थांबलं.